"मधेच सोडता येत नाही": महिन्याच्या वर्गणीचे ऑनलाइन खेळ



आजच्या बोलण्याचा विषय ऑनलाइन खेळ. पण सगळे खेळ नाहीत, त्यातला एकच प्रकार. दर महिन्याला वर्गणी भरून संगणकावर खेळायचा, राजा-राक्षसांच्या, जादूच्या दुनियेतला खेळ. त्यात प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ते पात्र वाढवत न्यायचं. पुण्या-नागपूरला शिकणारी, नोकरी करणारी आपली मुलं लॅपटॉप घेऊन पवनारला घरी येतात, तेव्हा हा खेळही त्यांच्यासोबत घरात येतो. आणि मग त्याच्यावरून बोलाचाली होतात. खेळ काय आहे, पोरगं त्यात एवढं का गुंततं आणि गुंतूनही वैतागलेलं का असतं, हे आज समजून घेऊ. समजलं म्हणजे भांडण अगदीच टळेल असं नाही, पण निदान नेमक्या गोष्टीवरून होईल.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण घरात "गेम" हा एकच शब्द वापरतो आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, पैसे लावून खेळायचे खेळ. रमी, पोकर, क्रिकेटची टीम लावून पैसे जिंकायचे खेळ. यातल्या क्रिकेटच्या खेळाला "फॅन्टसी" म्हणतात आणि आजच्या आपल्या खेळालाही "फॅन्टसी" म्हणतात, म्हणून घोळ वाढतो. नाव एक, पण गोष्टी वेगळ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. त्याच महिन्यात मुंबईच्या ड्रीम इलेव्हननं आपल्या पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. दुसरी गोष्ट, मोबाइलवरचे फुकट खेळ, बंदुकांचे वगैरे. तिसरी, आपला आजचा वर्गणीचा खेळ. त्याच कायद्यात असं म्हटलं आहे की, खेळायला मिळावं म्हणून भरलेली वर्गणी जर पणाला लावलेली रक्कम नसेल, तर तो पैशाचा खेळ होत नाही. म्हणजे पोरगा वर्गणीचा खेळ खेळत असेल, तर "जुगार खेळतो" असं म्हणू नका. तो जुगार खेळत नाही. प्रश्न आहेत, पण ते दुसरे आहेत.

आता खेळ कसा असतो ते पाहू. आपल्या विदर्भातली भुलाबाई आठवा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी एकत्र जमायच्या. एकीच्या घरून दुसरीच्या घरी. गाण्यांमधून कधी सासुरवाशीण व्हायचं, कधी माहेरवाशीण, कधी सासूचा तोरा मिरवायचा. नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं लग्न झालेलं नसायचं, पण गाण्यापुरती ती सून असायची. शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. आणि एखादी मैत्रीण दोन दिवस आली नाही, तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन विचारायच्या, "का गं, आली नाहीस?"

हा सगळा प्रकार संगणकात घातला, तर वर्गणीचा खेळ होतो. रोज जमणं आहे, सोंग घेणं आहे, टोळी आहे, खिरापत आहे आणि "का आला नाहीस" हे विचारणंही आहे. फरक एवढाच की टोळीतली एक पोरगी पोलंडमध्ये असते, एक मलेशियात आणि एक आपल्या घरातल्या मागच्या खोलीत.

याची सुरुवात बरीच जुनी आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असा पहिला खेळ केला. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं अक्षरांत. "तू गुहेत आहेस, उत्तरेला वाट आहे" असं पडद्यावर यायचं. पुढे १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट. त्यांनी महिन्याच्या वर्गणीची पद्धत रुळवली. नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीनं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणला आणि २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले. आपल्याकडे त्याच काळात शहरांत सायबर कॅफे होते आणि रॅग्नारोक ऑनलाइन नावाचा कोरियन खेळ भारतातही काही वर्षं चालवला गेला. म्हणजे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आपल्या भावांनी, दिरांनीही हे खेळ पाहिलेले असू शकतात.

आता मुख्य प्रश्न. यात एवढं काय आहे?

निक यी नावाच्या संशोधकानं असे खेळ खेळणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना, तुम्ही का खेळता, हे विचारलं आणि २००६ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. कारणं तीन गटांत बसली. काही तरी कमावणं, माणसांची सोबत आणि दुसऱ्या जगात रमणं. मैत्रिणींनो, ही तीनही कारणं आपल्याला परकी नाहीत.

पहिलं घ्या, कमावणं. आपण रोज किती काम करतो? स्वयंपाक, धुणी, शेतातलं निंदण, गटाचा हिशेब. संध्याकाळी त्यातलं काय दिसतं? भांडी पुन्हा खरकटी, कपडे पुन्हा मळके. खेळात तसं होत नाही. तिथं केलेल्या प्रत्येक कामाची नोंद होते. एक रानडुक्कर मारलं, इतके गुण. औषधी वनस्पती गोळा केली, इतके गुण. पडद्याच्या खाली एक पट्टी असते, ती डोळ्यांदेखत भरत जाते. भरली की पात्राची पायरी वाढते आणि सगळ्यांना दिसते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ज्याचं नाव मास्तरांना वर्षभर माहीत नव्हतं, दहा ठिकाणी अर्ज करून ज्याला उत्तरही आलं नाही, त्या पोराला ही भरत जाणारी पट्टी काय वाटत असेल, याचा विचार करा. केलेल्या कष्टाचा हिशेब तिथं चुकत नाही.

दुसरं, सोबत. या खेळातली मोठी कामं एकट्यानं होत नाहीत. मुद्दामच तशी रचलेली असतात. एक जण ढाल होतो आणि राक्षसाचा सगळा मार अंगावर घेतो. काही जण हल्ला करतात. आणि काही जण वैद्य असतात. ते लढत नाहीत, मागे उभं राहून बाकीच्यांना जिवंत ठेवतात. वॉरक्राफ्टच्या पहिल्या काळात सगळ्यात मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागायची. चाळीस माणसांनी ठरलेल्या वेळी हजर राहायचं, एकानं आज्ञा द्यायची, बाकीच्यांनी पाळायची आणि अखेरीला मिळालेलं सामान भांडण न करता वाटून घ्यायचं. ज्या बाईनं बचत गट चालवला आहे, तिला विचारा हे किती अवघड असतं. वीस-बावीस वर्षांची पोरं ते तिथं शिकतात आणि आपण म्हणतो, काहीच करत नाही.

तिसरं, दुसऱ्या जगात रमणं. याचं एक खरं उदाहरण सांगते. नॉर्वे देशात मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. त्याला स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा, जन्मापासूनचा आजार होता. लहानपणीच चाकाची खुर्ची आली, पुढे हाताची बोटं तेवढी हलायची. तो तासन्‌तास वॉरक्राफ्ट खेळत असे. आईवडिलांना वाईट वाटायचं की आपल्या पोराला ना मित्र, ना मैत्रीण, ना कुणाच्या उपयोगी पडल्याचं समाधान. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ही बातमी टाकली. आणि मग देशोदेशींहून पत्रं येऊ लागली. कुणी लिहिलं, माझ्या कठीण काळात तो माझ्याशी बोलत राहिला. कुणी लिहिलं, माझं आणि माझ्या मुलाचं बोलणं त्याच्यामुळे पुन्हा सुरू झालं. खेळात त्याच्या पात्राचं नाव इबेलिन होतं. धडधाकट, रोज पळायला जाणारा माणूस. त्याच्या टोळीतले काही जण दुसऱ्या देशांतून प्रवास करून अंत्यविधीला आले. त्याच्यावर २०२४ मध्ये एक माहितीपट आला, तो जगभर पाहिला गेला.

आईवडिलांचं प्रेम कमी नव्हतं. पण त्यांनी पोराला पाहिलं ते पाठीमागून, खुर्चीत बसलेलं. पडद्याच्या पलीकडे तो कुणाचा तरी आधार होता, हे त्याच्या मृत्यूनंतर कळलं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या घरातला प्रत्येक पोट्टा इबेलिन असतो असं नाही. पण तो तिथं कोण आहे हे आपल्याला माहीत असायला हवं, आणि तो जिवंत असताना, समोर बसलेला असताना माहीत असायला हवं.

ही झाली गोडी. आता वैताग. तो खेळणाऱ्यांनाही असतो, बरं का. वर्षानुवर्षं खेळणारी माणसं खेळाला शिव्या देत देत खेळतात. का, ते एकेक पाहू.

सगळ्यात पहिलं, घरोघरी ऐकू येणारं वाक्य: "आई, मधेच सोडता येत नाही." आपल्याला ती सबब वाटते. पण या एका बाबतीत पोरगं खरं बोलतं. टीव्हीवरचा सिनेमा थांबवता येतो, मोबाइलवरचा पत्त्यांचा डावही थांबवता येतो. हे जग मात्र त्याच्या लॅपटॉपमध्ये नसतंच. ते दूर कुठे तरी कंपनीच्या मोठ्या संगणकावर चालू असतं आणि हजारो लोक एकाच वेळी त्यात वावरत असतात. एका माणसासाठी ते थांबत नाही. वैद्य मधेच उठून जेवायला गेला, तर बाकीचे मरतात आणि दोन तासांची मेहनत वाया जाते. म्हणजे त्याला ओढ लागलेली असते ती निव्वळ खेळाची नसते, दिलेल्या शब्दाचीही असते. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे लाइन जाते किंवा नेटवर्क अडकतं, तेव्हा पलीकडचे चिडतात आणि अलीकडचं आपलं पोरगं तोंड पाडून बसतं.

दुसरं, रात्र. वॉरक्राफ्टसारख्या मोठ्या खेळाचा सर्व्हर भारतात नाही. म्हणून आपली मुलं बहुधा युरोपच्या नाही तर दुसऱ्या लांबच्या सर्व्हरवर खेळतात. आता हिशेब करा. युरोपातली माणसं नोकरीवरून घरी येऊन, जेवून रात्री आठ वाजता जमतात. जर्मनीत हिवाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे पवनारला साडेबारा. उन्हाळ्यात साडेअकरा. मोहीम तीन तास चालली, तर आपल्याकडे पहाटेचे अडीच-साडेतीन. त्यांची संध्याकाळ आपल्या पोराची झोप खाते. आळशी आहे म्हणून तो सकाळी नऊला उठत नाही, तर रात्री तो दुसऱ्या देशाच्या घड्याळावर जगतो म्हणून. हे एकदा कळलं की "लवकर झोप" एवढं म्हणून भागत नाही हेही कळतं. आपल्या वेळेला जुळणारी टोळी शोध, असं सांगावं लागतं. आशियातल्या, सिंगापूरकडच्या वेळेला खेळणाऱ्या टोळ्या असतात, आणि काही खेळांचे सर्व्हरही तिकडे आहेत.

तिसरं, खिरापत. भुलाबाईच्या डब्यात काय आहे हे माहीत असतं, तर ओळखायला मजा आली असती का? माहीत नसण्यातच गोडी. खेळवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. राक्षस मारल्यावर हवी ती तलवार मिळेलच असं नसतं. पन्नासातून एकदा, शंभरातून एकदा मिळते. आज नाही तर उद्या मिळेल म्हणून माणूस तोच राक्षस पुन्हा पुन्हा मारत राहतो. ठरावीक बक्षिसापेक्षा, कधी मिळेल ते सांगता येत नाही अशा बक्षिसामागे माणूस जास्त काळ धावतो, हे मानसशास्त्रात फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. फरक एवढाच की भुलाबाई कोजागिरीला संपायची. या खेळाला कोजागिरी नाही.

चौथं, रोजची कामं. रोज लॉगिन केलं की एक लहानसं काम, आठवड्याचं एक मोठं काम. नाही केलं तर मागे पडलात. सुरुवातीला मजेनं केलेलं पुढे सडा-सारवणासारखं होतं. खेळणारेच म्हणतात, आता हा खेळ राहिला नाही, ड्यूटी झाली. आणि वर्गणी भरलेली असते, त्यामुळे न खेळणंही जिवाला लागतं. मेसचे पैसे भरले की भूक नसताना जेवायला जातो ना, तसंच. "पैसे भरलेत, मग खेळायलाच पाहिजे."

पाचवं, कष्टाची किंमत क्षणात जाणं. जानेवारी २००७ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये पहिली मोठी भर घातली गेली, नवा प्रदेश आणि वरच्या दहा पायऱ्या. ज्यांनी वर्ष-दीड वर्ष चाळीस-चाळीस जणांनी जागून भारी शस्त्रं मिळवली होती, त्यांना नव्या प्रदेशातल्या पहिल्या काही साध्या कामांत त्याच तोडीची शस्त्रं मिळू लागली. का? कारण नव्या माणसाला जुन्याच्या बरोबरीला आणायचं असतं आणि जुन्याला पुन्हा पहिल्यापासून कष्ट करायला लावायचं असतं. वर्गणी चालू राहायची, तर पट्टी पुन्हा रिकामी व्हावी लागते. मघाशी मी म्हटलं, खेळात कष्टाचा हिशेब चुकत नाही. तो चुकत नाही, पण मधून मधून पुसला जातो.

आणि सहावं, सगळ्यात कडू. यातलं काहीच आपलं नसतं. वर्गणी ही भिशीसारखी वाटते, दर महिन्याला ठरलेली रक्कम. पण भिशीचा नंबर लागतो आणि पैसे हातात येतात. ही वर्गणी भाड्यासारखी आहे. भाडं थांबलं, दार बंद. आणि कधी कधी भाडं भरूनही दार बंद होतं. चीनमध्ये वॉरक्राफ्ट चालवणारी कंपनी आणि ब्लिझार्ड यांच्यातला करार संपला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये तिथले सर्व्हर बंद झाले. खेळणाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या पात्रांचा रस्ताच एका रात्रीत बंद झाला. २०२४ मध्ये नवा करार झाला, तेव्हा ते जग पुन्हा उघडलं. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं. कितीक खेळ कायमचे बंद झाले आहेत.

आता पैशाचं बोलू, कारण घर आपणच चालवतो. वॉरक्राफ्टची अमेरिकेतली महिन्याची वर्गणी १४ डॉलर ९९ सेंट. म्हणजे तेराशे रुपयांच्या आसपास किंवा वर. वर्षाचे पंधरा हजारांच्या वर. शिवाय नवी भर आली की ती वेगळी विकत घ्यायची, शिवाय खेळातल्या दुकानात घोडे आणि कपडे. आपल्या घरात ही रक्कम लहान नाही. पण एक बाजू लक्षात घ्या. वर्गणीच्या खेळाचा आकडा आधी कळतो. "फुकट" खेळाचा कळत नाही. तिथं दार उघडं असतं आणि आत पेट्या विकायला ठेवलेल्या असतात. पैसे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. बेल्जियम देशानं २०१८ मध्ये अशा विकत घ्यायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. म्हणून "फुकट आहे गं आई" हे वाक्य ऐकलं, तर जास्त सावध व्हा आणि "वर्गणी आहे" हे ऐकलं, तर आकडा विचारा.

वर्गणी बहुधा कार्डवरून किंवा यूपीआयच्या ऑटोपेनं दर महिन्याला आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं ग्राहकाला कळवावं लागतं. तो मेसेज वाचा. इंग्रजीत असला, तर कुणाकडून वाचून घ्या. खेळणं सोडलं तरी ऑटोपे आपोआप बंद होत नाही. ते आपण स्वतः बंद करावं लागतं. आणि खेळातलं सोनं स्वस्तात देतो, भारी पात्र विकतो, असं सांगून ओटीपी मागणारे भामटे फार आहेत. पैसे गेलेच, तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट आपल्या मुलींविषयी. मुलीही हे खेळ खेळतात आणि आवडीनं खेळतात. पण माइकवर बाईचा आवाज ऐकला की काही टोळ्यांत घाणेरडं बोलणं सुरू होतं. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवतात, पात्र पुरुषाचं घेतात. घरात हे सांगितलं तर "मग खेळतेसच कशाला" असं ऐकावं लागेल, या भीतीनं त्या सांगत नाहीत. लेकीला आधीच सांगून ठेवा, की तसं झालं तर त्या माणसाला ब्लॉक कर, खेळातच तक्रार नोंदव, फोटो आणि पत्ता कुणाला देऊ नको, आणि मला सांग, मी खेळ बंद करणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते खरं असलं, तरच बाकीची वाक्यं उपयोगाची.

आता काळजी केव्हा करायची? जास्त खेळणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत खेळाचं व्यसन १ जानेवारी २०२२ पासून आलं आहे, पण त्याची खूण तासांवर मोजलेली नाही. तीन गोष्टी पाहायच्या. थांबवायचं ठरवूनही थांबवता येत नाही. खाणं, झोप, अभ्यास, नोकरी, माणसं या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसला आहे. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच, उलट वाढतंच. असं साधारण बारा महिने चाललं, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. त्रास फार असेल तर तेवढं थांबायचंही कारण नाही. सरकारच्या टेली मानस सेवेचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आईनंही फोन केला तरी चालतो.

त्याआधी घरात काय करता येईल? खेळवाल्यांचाच एक किस्सा ऐका. वॉरक्राफ्ट तयार होत होता, तेव्हा लोकांनी फार वेळ बसू नये म्हणून कंपनीनं एक नियम केला. जास्त वेळ खेळाल, तर मिळणारे गुण कमी होतील. चाचणी घेणारे खेळाडू भडकले, ही शिक्षा कशाला म्हणून. मग कंपनीनं आकड्यांची मांडणी तेवढी बदलली. जो खेळ सोडून विश्रांती घेईल, त्याला परत आल्यावर काही काळ दुप्पट गुण. हिशेब जवळजवळ तोच, पण आता लोक खूश. मैत्रिणींनो, पोरांना ओळखण्यात त्या कंपनीनं आपल्याला मागे टाकायला नको. "अकरानंतर खेळलास तर वायफाय बंद" यापेक्षा "सकाळी सातला उठलास, तर शनिवारची मोठी मोहीम तुझी, कुणी हाक मारणार नाही" हे जास्त चालतं.

वेळ ठरवताना घड्याळासोबत खेळाचाही विचार करा. मोहीम सुरू होण्याआधी विचारा, किती वाजता संपणार? त्याप्रमाणे जेवण आधी नाही तर नंतर. मोहिमेच्या मधे वायर उपटू नका, त्यानं त्याचा शब्द मोडतो आणि तो तुमच्यावरचा विश्वास सोडतो. पण संपल्यावर "अजून एक" नाही, हेही तितकंच पक्कं ठेवा. आठवड्यातल्या किती रात्री, हे त्याच्याशी बसून ठरवा आणि कागदावर लिहा. वर्गणी कुणाच्या पैशातून हेही लिहा. कमावता असेल तर त्याच्या, शिकत असेल तर हातखर्चातून. परीक्षेच्या महिन्यात वर्गणी थांबवता येते आणि पुढे पुन्हा सुरू करता येते. पात्र सहसा तसंच जपून ठेवलेलं असतं, हे त्याला माहीत असतंच, तुम्हालाही माहीत असू द्या.

आणि एकदा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. अर्धा तास. समजलं नाही तरी चालेल. "किती वेळ झाला" हे विचारू नका, ते आपण रोजच विचारतो. त्याऐवजी विचारा: तुझ्या टोळीत कोण कोण आहे? कुठले आहेत? तू लढतोस की वैद्य आहेस? आज तुझ्यामुळे कोण वाचलं? आणि या खेळात तुला सगळ्यात जास्त चीड कशाची येते? या शेवटच्या प्रश्नाला मुलं फार मोकळेपणी उत्तर देतात. ते ऐकताना कधी असंही कळतं की पोराचं मन खेळावरून उडालं आहे, पण टोळीला नाही म्हणणं जमत नाही. तेव्हा त्याला आपली गरज असते, रागावायला नव्हे, तर "मी निघतो" हे कसं म्हणावं ते सांगायला. बायांना ते चांगलं माहीत असतं. किती भिश्या, किती मंडळं आपण गोडीत सोडली आहेत.

आज एवढंच. काही विचारायचं असेल तर पत्र पाठवा, नाही तर केंद्रावर येऊन सांगा. नमस्कार.